माप कुणाचं?



या व्याख्यानमालेचं यंदाचं शेवटचं पुष्प गुंफायला तुम्ही मला बोलावलंत. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते सर मला आठवी ते दहावी सुतारकाम शिकवायचे. सरांच्या पत्नी, आपल्या सर्वांच्या काकू, आज आल्या आहेत. आग्रह करूनही त्या व्यासपीठावर आल्या नाहीत, खाली पहिल्या रांगेतच बसल्या. काकू, तुम्ही समोर आहात, त्यामुळे जपून आणि खरं बोलायला हवं.

मी पुढं पवईला आयआयटीच्या आयडीसीत शिकलो. वस्तू कशी असावी हे ठरवायला शिकवणारी ही शाळा १९६९ साली सुरू झाली. तिथून बाहेर पडल्यावर चाळीस वर्षं मी तेच काम केलं. अवजारं, भांडी, झाकणं, खुर्च्या, दवाखान्यातल्या खाटा. लोक विचारतात, हे काम तुम्ही कुठं शिकलात? मी पवईचं नाव सांगतो आणि ते खरंच आहे. पण माप घ्यायला मी शिकलो ते आपल्या हायस्कूलच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

आपल्या शाळेत तासाची घंटा देणारे शिपाईमामा तुमच्यातल्या काहींना आठवत असतील. अंगानं लहानखुरे, आणि एक गुडघा दुखरा. त्यांच्यासाठी स्टूल करायचं काम सरांनी आमच्या तुकडीला दिलं. आम्ही लगेच लाकूड घेतलं, अठरा इंचांवर खूण केली आणि करवत उचलली. सर म्हणाले, थांबा. त्यांनी मामांना बोलावलं. शेडच्या कोपऱ्यातल्या विटा एकावर एक रचल्या, वर फळी टाकली आणि मामांना बसायला सांगितलं. मामा बसले, उठले. सरांनी एक वीट काढली. पुन्हा बसले, उठले. विटेखाली एक पातळ फळी सरकवली. पुन्हा. पाच-सहा वेळा असं झाल्यावर मामा म्हणाले, "आता बरं वाटतंय." तेव्हा सरांनी माझ्या हातात पट्टी दिली आणि एकच शब्द बोलले, "मोज." ते साडेपंधरा इंच भरलं.

अठरा इंच कुणाचे होते? मामांचे नव्हते, माझेही नव्हते. मग कुणाचे? आज मला याच प्रश्नावर बोलायचं आहे. माप कुणाचं?

पहिली गोष्ट. प्रत्येक वस्तूत कुणातरी माणसाचं माप दडलेलं असतं. करणाऱ्याला ते माहीत असो वा नसो. आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभे राहा. पुरुषांनो, तुम्हीही उभे राहा. ओटा साधारण तेहेतीस इंचांचा असतो. आपल्याकडची बाई सरासरीनं पाच फुटांच्या आसपास, तिचं कोपर जमिनीपासून सदतीस-अडतीस इंचांवर. भाजी चिरायला हा ओटा ठीक आहे. पण त्यावर शेगडी येते, तिची उंची पाच इंच धरा. शेगडीवर पातेलं, ते आठ इंच. म्हणजे पातेल्याचा काठ गेला शेहेचाळीस इंचांवर, कोपराच्याही वर. पिठलं हटवताना, खीर ढवळताना खांदा उचलूनच धरावा लागतो. आणि त्याच ओट्यातलं सिंक? त्याचा तळ सात-आठ इंच खाली. भांडी घासताना कमरेत वाकावं लागतं. म्हणजे एकच ओटा एकाच बाईला एका टोकाला उंच पडतो आणि दुसऱ्या टोकाला ठेंगणा. आपल्या आयांचा खांदा आणि कंबर का दुखते, याचं उत्तर आपण वयात शोधतो, बाळंतपणात शोधतो. गवंड्याला ओट्याची उंची कुणी सांगितली, हे आपण विचारत नाही. ज्या बाईला तिथं दिवसाचे चार तास उभं राहायचं आहे, तिला बांधकामाच्या वेळी कोपर दुमडून उभं केलं होतं का?

मोठ्या माणसांकडूनही हे झालं आहे. चंदिगड शहर ज्यांनी रचलं ते ल कॉर्ब्यूझिए थोर वास्तुकार. त्यांनी माणसाच्या शरीरावरून मापांची एक पद्धत बसवली, मॉड्युलॉर. पद्धतीचा आधार म्हणजे एक माणूस. आधी त्याची उंची १७५ सेंटिमीटर धरली होती, नंतर ती १८३ केली, म्हणजे सहा फूट. का केली? इंग्रजी रहस्यकथांमधले देखणे पुरुष, पोलीस वगैरे, नेहमी सहा फुटी असतात म्हणून! हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. त्या सहा फुटी माणसाची मापं चंदिगडच्या इमारतींत उतरली. तिथं राहणाऱ्या, फाइली उचलणाऱ्या, झाडू मारणाऱ्या बायका मात्र पाच फुटांच्याच होत्या.

मी विद्यार्थी असताना आमच्या टेबलावर अमेरिकेतल्या हेन्री ड्रायफस यांचे तक्ते असायचे. त्यात एक पुरुष आणि एक स्त्री, ज्यो आणि जोसेफीन. ड्रायफस यांचं काम फार मोलाचं. माणूस आधी आणि यंत्र नंतर, हे त्यांनी एका अख्ख्या पिढीला शिकवलं. पण जोसेफीन मांडी घालून बसत नाही, डोक्यावर हंडा घेत नाही. आपल्या माणसांची, वेगवेगळ्या प्रांतांत जाऊन मोजलेली मापं डिझायनरच्या हाती एकत्र आली ती देबकुमार चक्रवर्ती यांच्या पुस्तकातून. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेनं ते १९९७ साली काढलं. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या साली! तोवर आम्ही काय करत होतो? परक्याच्या अंगाचा सदरा आपल्या माणसाला घालून पाहत होतो.

पण याच देशात, आणि आपल्या परिसराशी नातं असलेली, अगदी उलट दिशेची एक गोष्ट घडली होती. १९२९ साली गांधीजींच्या प्रेरणेनं अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. तेव्हाचे एक लाख! त्याच्या अटी मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावतो. चरखा हलका हवा, उचलून नेता यायला हवा. साध्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालायला हवा. बाईला सलग आठ तास फार न थकता तो चालवता यायला हवा. आठ तासांत १६ हजार फूट सूत निघायला हवं. किंमत दीडशे रुपयांच्या आत, आयुष्य किमान वीस वर्षं, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जायला नको. यंत्राच्या अटींमध्ये बाईचा थकवा! आजही किती कारखानदार काम देताना असा कागद हातात ठेवतात? आपल्या शेजारच्या किर्लोस्करवाडीतूनही त्या स्पर्धेसाठी एक चरखा तयार झाला होता. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. अटी तितक्या कठीण होत्या. त्या कठीण असायलाच हव्या होत्या, असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट सरासरीची, आणि ती थोडक्यात सांगतो. मघाशी मीही सरासरी हा शब्द वापरला. तो सोयीचा आहे आणि धोक्याचाही. १९५० साली अमेरिकेच्या हवाई दलानं चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापं घेतली. विमानाची कॉकपिट सरासरी वैमानिकाच्या मापानं केली की सगळ्यांना बसेल, असा समज होता. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं दहा महत्त्वाची मापं निवडली आणि पाहिलं, की या दहाही मापांत सरासरीच्या जवळपास असलेले वैमानिक किती? ४,०६३ जणांत किती निघाले असतील? एकही नाही. सरासरी माणूस कागदावर होता, विमानात कधी बसलाच नव्हता. मग हवाई दलानं आसनं पुढंमागं सरकणारी, वरखाली होणारी केली.

आता आपल्या बाजाराच्या रस्त्यावर वेल्डिंगच्या दुकानापुढं उभं केलेलं सायकल कोळपं पाहा. जुन्या सायकलचं चाक, मागं पास, आणि दांड्याला ओळीनं पाडलेली भोकं. बोल्ट काढायचा, दांडा वर किंवा खाली घ्यायचा, पुन्हा कसायचा. नवरा चालवतो तेव्हा एका भोकात, बायको चालवते तेव्हा दुसऱ्या. त्या वेल्डिंगवाल्यानं डॅनियल्सचं नाव ऐकलेलं नाही. पण एकाच घरातली दोन माणसं एकसारखी नसतात, हे त्याला गिऱ्हाइकानं सांगितलं आणि त्यानं भोक पाडलं. मला त्या भोकांविषयी मनापासून आदर आहे.

तिसरी गोष्ट सांगायला मला वेळ लागेल, कारण ती माझ्या चुकीची आहे.

१९८४ साली एका संस्थेसाठी मी भांगलणीचं अवजार करत होतो. बायका दिवसभर उकिडव्या बसून खुरप्यानं भांगलतात, गुडघे जातात, पाठ जाते. त्यांना उभ्यानं भांगलता यावं असं अवजार करायचं ठरलं. हेतू चांगला होता. मी मापं घेतली, आणि नीट घेतली. पण कुणाची घेतली? बैठकीला जे आले होते त्यांची. बैठकीला शेतमालक आले होते. लांब दांड्याचं, पुढं पातं असलेलं, हातासाठी वर कडं असलेलं अवजार झालं. बारा नग केले. भुईमुगाच्या रानात बायकांची पात लागली होती, तिथं घेऊन गेलो आणि बांधावर उभा राहिलो.

पहिली पात धरणारी बाई पन्नाशीची असेल. तिनं अवजार हातात घेतलं आणि म्हणाली, "दादा, ह्या कड्यातनं हात जाईना. बांगड्या अडकत्यात." मी तिच्या हाताकडं पाहिलं. मनगटापासून वर हिरव्या काचेच्या बांगड्या. कड्याचं माप मी मालकाच्या मुठीवरून काढलं होतं. तिनं कसाबसा हात घातला, चार हात पात काढली आणि थांबली. "उभ्यानं गवत दिसतंय, पर भुईमुगाचं बूड दिसत न्हाई." ते खरं होतं. झाडाच्या बुडाशी चिकटून आलेलं गवत कुठलं आणि आऱ्या कुठल्या, हे बोटांनाच कळतं. मधल्या पातीवरची एक तरुण पोर म्हणाली, "आणि बसल्यावर बोलता येतंय की. उभ्यानं एकीकडं तोंड एकीचं, दुसरीकडं दुसरीचं." दुपारच्या भाकरीच्या वेळी बाराही अवजारं बांधाला टेकलेली होती आणि बायकांच्या हातात खुरपी होती.

मी रागावलो. त्यांच्यावर रागावलो, हे आज इथं कबूल करतो. आपण त्यांच्या भल्यासाठी करतो आणि त्यांना कळत नाही, असं त्या आठवड्यात मी कितीतरी जणांना सांगितलं. मग गावी आलो आणि सरांना सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू पात धरलीस का?"

नव्हती धरली. मग धरली. आठ दिवस, त्याच टोळीबरोबर, खुरपं घेऊन. तिसऱ्या दिवशी गुडघे सुजले. पाचव्या दिवशी कळलं की सगळ्यात जास्त दुखतं ते मनगट, कारण खुरप्याची मूठ पात्याच्या सरळ रेषेत असते आणि रेटा देताना मनगट मोडून धरावं लागतं. मूठ जाड, तिच्यावर चिंध्या गुंडाळलेल्या. पात्याची धार दुपारपर्यंत जाते आणि मग तेच काम दुप्पट जोरानं करावं लागतं. त्या आठ दिवसांत कुणी मला काही शिकवायचं म्हणून शिकवलं नाही. त्यांच्या बोलण्यातून लग्नं कळली, उसनवारी कळली, कुणाची सून माहेरी गेली ते कळलं. त्या पातीत बातम्या जातात, मुलींची स्थळं ठरतात, भिशी चालते. मी त्या अवजारानं ही सगळी बैठकच मोडायला निघालो होतो. पट्टीनं मोजता येत नाही म्हणून ती माझ्या मापात आली नव्हती.

मग काय केलं? नवं अवजार केलंच नाही. खुरप्याची मूठ बारीक केली, थोडी वर वळवली, पातं हलकं आणि धार टिकेल अशा पोलादाचं घेतलं. काम गावच्या लोहारानं केलं. मी भात्यापाशी बसलो होतो. चार नमुने झाले. पहिले तीन परत आले. चौथा त्या पन्नाशीच्या बाईला दिला. संध्याकाळी घरी जाताना तिनं तो परत दिला नाही, कमरेला खोचला आणि चालू लागली. मला तेव्हापासून बक्षिसं मिळाली, दोन-चार शालीही मिळाल्या. त्या कमरेला खोचलेल्या खुरप्याच्या जवळपास त्यातलं काही येत नाही.

माझ्या आधी सोळा वर्षं जयपुरात हे घडून गेलं होतं, आणि मला ते वाचून माहीतही होतं. वाचून माहीत असणं पुरत नाही. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा कृत्रिम पाय केला. तोवर मिळणारा परदेशी पद्धतीचा पाय बुटात घालायचा. तो घातलेला माणूस उकिडवा बसू शकत नव्हता, मांडी घालू शकत नव्हता, अनवाणी देवळात जाऊ शकत नव्हता, चिखलात उतरू शकत नव्हता. तो पाय चालण्याच्या मापाचा होता. पण आपला शेतकरी नुसता चालत नाही, तो बसतो. जेवायला बसतो, पूजेला बसतो, रानात बसतो. रामचंद्रजींचं शालेय शिक्षण बेताचंच होतं. पण बसता न येणाऱ्या माणसाचं पंगतीतून उठून जाणं त्यांनी मापात धरलं. डॉक्टर आणि कारागीर एकमेकांच्या शेजारी बसले तेव्हा तो पाय झाला. दोघांपैकी एकट्यानं कुणालाच तो करता आला नसता.

आणि अक्षर न येणाऱ्याचं माप? १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींवर मतदार होते, बहुसंख्य निरक्षर. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली, पेटीवर चिन्ह लावलं. बैलजोडी ओळखणाऱ्याला क-ख येण्याची गरज उरली नाही. गोदरेजनं विक्रोळीत १२ लाखांहून अधिक पोलादी पेट्या केल्या. बाहेरून कुलूप लावायचं तर खर्च वाढत होता. आतल्या आत बसणाऱ्या कडीची युक्ती कारखान्यातले एक कामगार नथालाल पांचाळ यांना सुचली. पुढं मतदान यंत्राचं आजचं रूप आमच्या आयडीसीतल्या ए. जी. राव आणि रवी पूवैया यांनी घडवलं, तेव्हाही नाव, चिन्ह आणि बटण एका ओळीत ठेवलं, शेजारी दिवा आणि वर आवाज. मत पोचलं हे न वाचताही कळावं म्हणून.

आता शेवटची गोष्ट, माझ्या स्वतःच्या शरीराची.

पस्तिसाव्या वर्षी मी एका कंपनीसाठी लोणच्याच्या बरणीचं फिरकीचं झाकण केलं. घट्ट बसणारं, तेल न गळणारं. मुंबईच्या घराघरांत ते गेलं. मी दहा-वीस जणांकडून ते उघडून घेतलं होतं, सगळे माझ्याच वयाचे, माझ्याच कचेरीतले. आज मी सदुसष्ट वर्षांचा आहे. बोटांच्या सांध्यांत वात आहे. गेल्या वर्षी पत्नी गावी गेली असताना मी ती बरणी उघडायला गेलो. तेच झाकण. ते उघडलं नाही. मी ते पदरानं, म्हणजे टॉवेलनं धरून पाहिलं, ओट्याच्या कडेला आपटून पाहिलं. आणि मग तिथंच खुर्चीवर बसलो. माझी आई शेवटची बारा वर्षं आमच्याकडं होती. ती रोज शेजारच्या मुलाला हाक मारायची, "बाळा, एवढं उघडून दे." मी ती हाक रोज ऐकली. तिला माणसं लागतात, गप्पा लागतात, म्हणून हाक मारते, असं मला वाटायचं. बारा वर्षं मी तिच्या हातांकडं पाहिलं नाही.

तरुण मित्रांनो, तुमच्यातले काही जण अभियंते होतील, डिझायनर होतील, कुणी गवंडी, कुणी वेल्डर. तुम्हाला कुणी सांगेल की वाढ म्हणजे मोठी कंपनी, मोठा पगार, परदेश. ते सगळं मिळवा, मला त्याचं वावडं नाही, मीही मिळवलं. पण माझ्या कामात वाढ झाली ती दरवेळी एकाच रीतीनं झाली. ज्याला मी मोजलं नव्हतं अशा कुणाचा तरी हात माझ्या मापात आला तेव्हा. बांगड्यांचा हात आला, लोहाराचा आला. आईचा यायचा राहिला, आणि तो माझा स्वतःचा होऊन आला.

आता एक विनंती करतो आणि थांबतो. या व्यासपीठाला उजव्या बाजूनं पाच पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी आठ इंचांच्या वर आहे, आणि एकीकडंही कठडा नाही. मघाशी अध्यक्षांनी काकूंना तीनदा वर बोलावलं. काकू हसून नको म्हणाल्या आणि आपण सगळ्यांनी तो त्यांचा विनय समजला. काकू, मी खाली येऊन तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही माझ्या कानात सांगितलंत, "धरायला काही नाही रे." आयोजकांना माझी विनंती आहे की आजचं मानधन ठेवून घ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा बसवा. नळी हाताच्या मुठीत मावेल एवढीच घ्या, जाड नको. उंची किती ठेवायची ते पुस्तकात पाहू नका. सुताराला काकूंच्या घरी पाठवा, विटा घेऊन.